सेक्रेटरींचा पिंपळ, गीतेचा पिंपळ

प्रश्न : काकू, आमच्या सोसायटीच्या आवारात पिंपळ आहे, बिल्डिंग उठायच्या आधीपासूनचा. आता गाड्यांना जागा पुरत नाही म्हणून तो काढायचं घाटतंय. गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, पिंपळ तोडू नये, 'झाडांमध्ये मी अश्वत्थ' असं भगवंतांनी गीतेत सांगितलंय. आमचे सेक्रेटरी रोज पारायण करणारे. ते उठले आणि म्हणाले, त्याच गीतेत पंधराव्या अध्यायात 'अश्वत्थ शस्त्रानं तोडावा' असंही सांगितलंय. सगळे हसले, मी गप्प बसलो. खरं काय? झाड देव की तोडायची वस्तू? आणि सावलीच्या झाडाबद्दल बाकीच्या धर्मग्रंथांत काय येतं? मीटिंग पुन्हा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहा.
(नाव छापू नये ही विनंती), जुळे सोलापूर

उत्तर : सेक्रेटरींचं पाठांतर पक्कं आहे, हे मीटिंगमध्ये आधी कबूल करून टाका. शब्द तेच आहेत : 'अश्वत्थमेनं सुविरूढमूलमसङ्गशस्त्रेण दृढेन छित्त्वा.' फक्त त्यांनी श्लोकाचा खालचा अर्धा म्हटला आणि वरचा गिळला. वरचा असा आहे : 'न रूपमस्येह तथोपलभ्यते नान्तो न चादिर्न च सम्प्रतिष्ठा.' या झाडाचं रूप इथं दिसत नाही, त्याला शेवट नाही, सुरुवात नाही, ते टेकलंय कशावर तेही कळत नाही. तुमच्या पिंपळाचं रूप चांगलं दिसतंय. टू-व्हीलरच्या रांगेत आडवं येतंय म्हणून तर मीटिंग भरली. मग ते झाड हे नव्हे.

शस्त्राचंही तसंच. 'असंग' म्हणजे आसक्ती नसणं, त्याचं शस्त्र. ते भाड्यानं मिळत नाही. आणि 'छित्त्वा' म्हणजे 'तोडून'. वाक्य तिथं संपतच नाही. तोडून काय करायचं ते पुढच्या श्लोकात येतं : जिथं गेलं की पुन्हा परतावं लागत नाही, ती जागा शोधायची. पार्किंगमधून माणसाला रोज सकाळी परत निघावं लागतं.

गीतेतलं हे झाड उलटं आहे. मुळं वर, फांद्या खाली, वेद ही त्याची पानं. गीतेआधी कठोपनिषदात ते आलं आहे : 'ऊर्ध्वमूलोऽवाक्शाख एषोऽश्वत्थः सनातनः.' त्याच्याही मागे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात वरुण राजा तळ नसलेल्या पोकळीत झाडाचा शेंडा उचलून धरतो. तिथंही सगळं खाली लोंबतं आणि बुंधा वर असतो. ज्ञानेश्वरांनी 'अश्वत्थ' शब्द फोडून दाखवला : श्व म्हणजे उद्या, आणि उद्यापर्यंत जो तसाच राहत नाही तो अश्वत्थ. म्हणजे हा सारखा बदलत जाणारा संसार.

उलट्या झाडाची एक गोष्ट आमच्या छापखान्यातली. मी अठ्ठावीस वर्षं प्रूफं तपासली, पहिली बरीच वर्षं शिशाच्या खिळ्यांवर. पूर्व भागातल्या एका छापखान्यात पंधराव्या अध्यायाची छोटी पुस्तिका छापायला आली. मुखपृष्ठाला ब्लॉक होता : मुळं आभाळात, फांद्या जमिनीकडे. मी प्रूफ तपासून सही केली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो हजार मुखपृष्ठं वाळत घातलेली आणि प्रत्येकावर झाड सरळ, ताठ, आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी शोभावं असं. रात्रपाळीचा मशीनमन तेलुगू होता. म्हणाला, 'अक्का, चेट्टु तलकिंदुलु.' झाड खाली डोकं वर पाय झालं होतं, म्हणून त्यानं ब्लॉक फिरवून बसवला. मालक चिडले, कागदाचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे यावर दुपारपर्यंत वाद चालला. मला मात्र त्या माणसाचं पटलं होतं. झाड म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे जे आलं, ते त्यानं छापलं. तुमचे सेक्रेटरी नेमकं तेच करताहेत, फक्त श्लोकाच्या बाबतीत.

आता माझं म्हणणं सांगते. गीतेच्या त्या श्लोकांत मूळ आहे, फांद्या आहेत, पानं आहेत, विषयांची कोवळी पालवीसुद्धा आहे. सावली नाही. प्रूफ बघणाऱ्याला काय आहे त्याआधी काय गळलंय ते दिसतं, आणि मला हे फार वर्षांनी दिसलं. त्या झाडाखाली कुणी बसत नाही. जुन्या ग्रंथांत जिथं झाडाखाली माणूस बसलेला असतो, तिथं बोलण्याचा सूरच बदलतो. तिथं प्रश्न झाड काय आहे हा नसतो. खाली बसलेल्यानं काय करावं हा असतो.

तुमच्या मीटिंगचा इतिवृत्तांत म्हणावा असा एक संवाद बौद्धांच्या 'पेतवत्थु' या पाली ग्रंथात आहे. अंकुर नावाचा व्यापारी आणि एक ब्राह्मण तांडा घेऊन कंबोज देशाकडे धन आणायला निघालेत. वाट निर्जळ, वैराण. तिथं एका मोठ्या वडावर यक्ष राहतो. तो हात पुढे करतो आणि मागेल ते त्या हातातून मिळतं. सगळा तांडा खाऊनपिऊन तृप्त होतो. मग ब्राह्मणाच्या डोक्यात येतं : ज्यासाठी कंबोजाला जायचं ते इथंच मिळतंय, तर या यक्षालाच उचलून नेऊ या. अंकुर म्हणतो :

'यस्स रुक्खस्स छायाय, निसीदेय्य सयेय्य वा । न तस्स साखं भञ्जेय्य, मित्तदुब्भो हि पापको ॥'

ज्या झाडाच्या सावलीत बसावं किंवा निजावं, त्याची फांदी मोडू नये. मित्राचा द्रोह करणारा पापी. एरवी लोक हा श्लोक इथंच थांबवतात. पुढचं जास्त मजेशीर आहे. ब्राह्मण ऐकत नाही. तो म्हणतो, 'खन्धम्पि तस्स छिन्देय्य, अत्थो चे तादिसो सिया' : तशी गरजच पडली तर बुंधासुद्धा तोडावा. अंकुर आणखी खाली उतरतो : पानसुद्धा फाडू नये. ब्राह्मण आणखी वर चढतो : गरजच असेल तर मुळासकट उपटावं. एक जण फांदीवरून पानावर येतो, दुसरा बुंध्यावरून मुळावर जातो, आणि दोघांच्या तोंडी पहिली ओळ तीच, 'ज्याच्या सावलीत बसावं'. सावलीत बसलो होतो हे ब्राह्मणही नाकारत नाही. 'तशी गरजच असेल तर' एवढंच त्याचं पालुपद. मीटिंगमध्ये हे दोघांत वाटून मोठ्यानं वाचा. ब्राह्मणाचा भाग सेक्रेटरींना द्या, त्यांचा आवाज चांगला असणार.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर पुढच्या वेळी ते बायबल घेऊन येतील. तिथं सावलीचं झाड खुशाल तोडलेलं आहे. दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडतं : आभाळाला भिडलेलं झाड, खाली सावलीला रानातली जनावरं, फांद्यांत पाखरं. वरून हुकूम येतो, झाड तोडा. यहेज्केलाच्या पुस्तकात अश्शूरचं राज्य म्हणजे लबानोनचा गंधसरू, इंग्रजीतला सीडर. मोठमोठी राष्ट्रं त्याच्या सावलीत राहतात, तो उंचीचा गर्व करतो आणि आडवा होतो. त्या मुलखात सावलीचं झाड म्हणजे राजा. आपल्याकडेही राजावर छत्र धरतात आणि 'छत्रछाया' म्हणतात, ते याच्या जवळचं. सेक्रेटरींना आधार हवाच होता, तर गीतेपेक्षा दानीएल बरा होता. पण तिथंही बुडखा ठेवायला सांगितलाय, लोखंडी आणि पितळी पट्टा घालून, पुन्हा फुटावा म्हणून.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट शास्ते या पुस्तकातली. अबीमलेख भावांना मारून राजा होतो, तेव्हा वाचलेला एकटा भाऊ योथाम डोंगरावर उभा राहून शखेमच्या लोकांना ती ओरडून सांगतो. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून म्हणतं, माझं तेल सोडून कुठं येऊ? अंजीर म्हणतं, माझा गोडवा? द्राक्षवेल म्हणतो, माझा रस? शेवटी काटेझुडपाकडे जातात. ते लगेच तयार! म्हणतं, या, माझ्या सावलीत बसा. नाहीतर माझ्यातून आग निघून लबानोनचे गंधसरू जाळून टाकील. हे वाचताना मला आपली वेडी बाभूळ दिसते. पंढरपूर असो की अक्कलकोट, रस्त्याच्या कडेला मैलोन्‌मैल तीच. मे महिन्यात पारा 44 वर असताना तिच्या सावलीत उभं राहून बघा. निम्मं अंग उन्हात, निम्मं काट्यांत. निवडणुकीच्या दिवसांत ही गोष्ट मी नातवंडांना सांगते.

योनाची गोष्ट उलट्या टोकाची. निनवे शहराबाहेर तो रुसून बसलाय, डोक्यावर ऊन. देव एका रात्रीत झुडूप वाढवतो, सावली येते, योना खूश. दुसऱ्या पहाटे देवच कीड लावतो, झुडूप वाळतं, वर गरम वारा सोडतो. योना म्हणतो, यापेक्षा मेलो असतो तर बरं. देव म्हणतो, जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्या झुडपासाठी एवढा कळवळतोस? मग या शहरातल्या एक लाख वीस हजारांच्या पुढच्या माणसांचा आणि गुराढोरांचा कळवळा मला नसावा? झुडपाला हिब्रूत कीकायोन म्हणतात. बरेच जाणकार तो एरंड मानतात. जेरोमनं लॅटिन भाषांतरात लोकांच्या सवयीचा भोपळ्याचा वेल काढून आयव्ही घातली, तर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या एका चर्चमध्ये ते वाचताना लोकांनी गोंधळ घातला. तिकडचाच बिशप ऑगस्टीन, त्यानं जेरोमला पत्र लिहून ते कळवलं. एका वेलासाठी गाव उठलं! आमच्याकडे ओव्याच्या ओव्या गाळल्या तरी कुणी पोस्टकार्ड टाकत नाही.

इस्लामी परंपरेत स्वर्गात 'लांब पसरलेली सावली' आहे, असं कुराणात येतं. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तिचं मापही आहे : स्वारानं शंभर वर्षं दौडावं तरी त्या एका झाडाची सावली ओलांडून होत नाही. पण मला त्याहून दुसरं एक वचन जवळचं वाटतं. लोकांच्या शिव्याशाप ओढवून घेणाऱ्या दोन गोष्टी टाळा : लोकांच्या वाटेवर आणि लोक बसतात त्या सावलीत घाण करणं. वाळवंटात राहणाऱ्यांनाच हे सुचणार. आणि आपल्या बसस्टँडमागच्या लिंबाखाली जे चालतं ते बघून मलाही रोज सुचतं.

आणि ज्ञानेश्वर. पंधराव्या अध्यायात त्यांनी ते उलटं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत उलगडलं, पण सावलीचं बोलले ते बाराव्यात, शत्रुमित्र सारखे मानणाऱ्या भक्ताविषयी सांगताना :

'जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली । दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥'

घाव घालणारा आणि लावणारा, दोघांना तीच सावली. महाभारताच्या शांतिपर्वात कबुतराच्या गोष्टीतही हेच आहे : तोडायला आलेल्यावरची सावली झाड काढून घेत नाही. बघा, एकट्या ज्ञानेश्वरांकडे दोन्ही झाडं आहेत. एक तोडायचं, एक कुणी तोडलं तरी न बदलणारं, आणि त्यांनी त्यांची गल्लत केली नाही.

मीटिंगसाठी एक कोरडी गोष्टही लक्षात ठेवा. शहरातलं झाड काढायला 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागतो. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय सोसायटीला ते परस्पर तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. तुमचा पिंपळ बिल्डिंगच्या आधीचा म्हणता, तर वयाचा पुरावा गोळा करा. जुने फोटो, शेजारचे म्हातारे, काहीही.

आता मी फार सोवळी आहे असं समजू नका. आमच्या गच्चीच्या कठड्यात एका पावसाळ्यात पिंपळ उगवला. भिंतीला चीर गेली. सासूबाई हात लावू देईनात, गडी पैसे घेऊनही तयार होईना. शेवटी मीच एका दुपारी ओल्या चिरेतून तो मुळासकट ओढून काढला. म्हणजे त्या ब्राह्मणाची शेवटची पायरी मीही गाठली आहे, आणि माझं पालुपदही तेच होतं, गरज. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात माती घालून तो लावला, पुढे दिरांच्या मोहोळच्या शेतात विहिरीजवळ नेला. मार्चमध्ये तो सगळी पानं टाकतो, तेव्हा खाली सावलीची नुसती जाळी पडते. मग तांबूस पालवी येते आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा गच्च होतो. जाऊबाई डब्यावरून त्याला अजून 'डालडा' म्हणतात.

प्रश्न : आम्ही पद्मशाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो. आजोबा सांगायचे, प्रलयात मार्कंडेयांना वडाच्या पानावर बाळ दिसलं. दुसरीकडे वाचलं, फांदीवर दिसलं. बरोबर कोणतं?
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : दोन्ही. महाभारताच्या वनपर्वात सगळीकडे पाणी झालंय आणि एका मोठ्या वडाच्या फांदीवर अंथरलेल्या पलंगावर बाळ आहे. भागवताच्या बाराव्या स्कंधात वड लहानसा आहे, त्याच्या ईशान्येच्या फांदीवर पानाच्या द्रोणात बाळ निजलंय आणि पायाचा अंगठा तोंडात घालतंय. तुमचे आजोबा भागवत ऐकलेले असणार. भागवत पुढे सांगतं की ते बाळ आपल्या तेजानं अंधार गिळत होतं. सूर्य नाही म्हणजे सावलीही नाही. त्या एका ठिकाणी झाडाखाली बसायला कुणी उरलेलंच नाही, म्हणून बाळ झाडावर.

प्रश्न : आमच्या मंदिरात जांभळाच्या झाडाभोवती सहा माणसांचं चित्र आहे. एक मुळावर कुऱ्हाड घालतोय. हा काय प्रकार?
एक वाचक, बार्शी

उत्तर : तो जैनांचा लेश्यावृक्ष. लेश्या म्हणजे मनातल्या भावाचा रंग, काळ्यापासून शुक्ल म्हणजे पांढऱ्यापर्यंत. सहा वाटसरू रानात भुकेले. काळ्या लेश्येचा म्हणतो, झाड मुळासकट पाडू आणि खाऊ. पुढचा बुंधा तोडू म्हणतो, मग मोठी फांदी, मग डहाळी, मग फक्त फळं. शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलेली जांभळं आहेत की. 'गोम्मटसार' या जैन ग्रंथात हा दृष्टांत आहे. भूक सगळ्यांची सारखीच, हे चित्रात नीट बघा. कुणी उपास करा म्हणत नाही. वरच्या पिंपळवाल्या वाचकानं याचीही एक छापील प्रत नोटीस बोर्डावर लावायला हरकत नाही.

जाता जाता : जैनांच्या भोगभूमीत, म्हणजे कष्टाविना सगळं मिळतं त्या भूमीत, दहा प्रकारचे कल्पवृक्ष आहेत. त्यांतला 'वस्त्रांग' कापड देतो. ही यादी ज्या 'तिलोयपण्णत्ती' ग्रंथात आहे, त्याचा पहिला भाग 1943 मध्ये आपल्या सोलापुरातूनच प्रसिद्ध झाला. कापड देणारं झाड आणि चादरींचं गाव! माग चालवणाऱ्या शेजाऱ्याला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, 'सूत कोण देतंय तेवढं विचारा.'

प्रश्न : पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो हे ओळखूनच पूर्वजांनी त्याला देव मानलं ना?
एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही. झाड ऑक्सिजन तयार करतं ते उजेडात. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वास घेतो. शिवाय ऑक्सिजन सापडला 1770 च्या दशकात.

दुरुस्ती : गेल्या अंकात याच सदरात 'न्यग्रोध म्हणजे उंबर' असं छापलं गेलं. न्यग्रोध म्हणजे वड, खाली वाढत जाणारा, पारंब्यांमुळे. उंबराला औदुंबर म्हणतात. तीन वाचकांनी कळवलं, त्यांचे आभार. प्रूफ मीच वाचलं होतं.